धृती आणि उत्साह
(लेखक व कलावंत यांच्यासाठी गीतेचा उपदेश, तंजावरच्या साक्षीने)

लेखणी, कुंचला, वीणा किंवा कंठ यांच्या आधारे जे आपला संसार चालवितात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक व्यथा असते. ती ते चारचौघांत बोलून दाखवीत नाहीत. पहिली काही वर्षे काम आपण होऊन होत असते. रात्र संपते पण ओळी संपत नाहीत. पुढे एक दिवस असा येतो की बैठक तीच, कागद तोच, हातही तेच. पण आतला झरा मात्र आटला आहे. काम घेतलेले असते, मुदत जवळ आलेली असते, घरात मुलांचे शिक्षण आणि वडिलांचे औषधपाणी असते. जे पूर्वी पूजेसारखे वाटे, ते आता वेठबिगारीसारखे वाटू लागते. मग मनुष्य स्वतःशीच विचारतो, "माझ्यावरील सरस्वतीची कृपा संपली काय?"

हा प्रश्न केवळ धंद्याचा नाही. ज्या कामात मनुष्याने आयुष्याची उमेद ओतली, ते काम निर्जीव झाले की त्याची ईश्वरावरील श्रद्धाही डळमळू लागते. यास्तव या प्रश्नाचे उत्तर गीतामाउलीच्या पायाशी बसूनच शोधले पाहिजे.

अर्जुनाचे गांडीव

गीतेचा आरंभच मुळी अशा प्रसंगाने झाला आहे, हे आपण विसरतो. अर्जुन नवशिका नव्हता. धनुर्विद्येत त्याची बरोबरी करणारे त्या काळी फार थोडे होते. आणि त्याच अर्जुनाच्या हातून ऐन वेळी गांडीव गळू लागले, अंगाला कंप सुटला, तोंड कोरडे पडले. त्या क्षणी त्याची विद्या कोठे गेली होती? कोठेही गेली नव्हती. हाताचे कौशल्य जागच्या जागी होते. ढासळले होते ते अंतःकरण.

म्हणूनच भगवंतांनी त्याला बाण कसा जोडावा, हे पुन्हा शिकविले नाही. अठरा अध्यायांत धनुर्विद्येचा एकही धडा नाही. कर्म कोणाचे, ते कशासाठी करावयाचे आणि त्याचे फळ कोणाच्या हाती, एवढ्या तीन गोष्टींविषयीची त्याची समजूत त्यांनी शुद्ध केली. आणि तोच अर्जुन त्याच हातांनी उठून उभा राहिला. ज्या लेखकाला आपली प्रतिभा संपली असे वाटते, त्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की बहुधा त्याची प्रतिभा संपलेली नाही; त्याचे गांडीव केवळ गळले आहे.

तीन प्रकारचे कर्ते

अठराव्या अध्यायात भगवंतांनी काम करणाऱ्या माणसाचे तीन प्रकार सांगितले आहेत (श्लोक २६ ते २८). लेखक व कलावंत यांनी हे तीन श्लोक आरशासारखे समोर ठेवावेत.

तामस कर्त्याच्या वर्णनात तीन विशेषणे अशी आहेत की ती वाचून आपण दचकावे. तो आळशी असतो, खिन्न असतो आणि दीर्घसूत्री असतो. म्हणजे आज करावयाचे काम उद्यावर आणि उद्याचे पुढल्या पंधरवड्यावर ढकलीत जातो. राजस कर्ता याच्या उलट मोठा धडपड्या. पण त्याची दृष्टी फळावर खिळलेली, त्यामुळे कौतुक झाले की तो आकाशात आणि उपेक्षा झाली की पाताळात. सात्त्विक कर्ता मात्र आसक्तीतून सुटलेला, 'मी केले' असे न मिरविणारा, यशापयशात ज्याच्या मुद्रेत पालट होत नाही असा, आणि धृती व उत्साह या दोहोंनी युक्त असतो.

आता आपल्या आयुष्याचा क्रम पाहा. तारुण्यातील जो लोंढा आपण स्फूर्ती म्हणून आठवतो, तो बहुधा राजस असतो. पहिले नाव छापून आले, पहिली टाळी पडली, पहिले मानधन हाती आले, या हर्षावर तो चाललेला असतो. हर्षाची नवलाई सरली की तो ओसरतो आणि मनुष्य तमोगुणाकडे घसरतो. अशा वेळी तो म्हणतो, स्फूर्ती गेली. परंतु समईतले तेल संपले म्हणून समई मोडली, असे कोणी म्हणत नाही. वात तशीच असते. तेल घालावयाचे असते. कौतुकाचे तेल संपले असेल, तर तेथे अर्पणाचे तेल घालावे. हाच तो काळ, की ज्यात राजस कर्त्याने सात्त्विक व्हावयाचे.

भगवंतांनी धृती आणि उत्साह ही दोन एकत्र का सांगितली, याचाही विचार करावा. धृतीवाचून उत्साह ही तणाची आग होय. क्षणात भडकते आणि क्षणात विझते. उत्साहावाचून धृती हे नुसते ओझे वाहणे होय. दोन्ही मिळून असतात तेव्हाच काम वर्षानुवर्षे चालते आणि करणारा कोमेजत नाही.

कार्याची पाच कारणे

मग हा टिकणारा उत्साह येतो कोठून? याचे उत्तर त्याच अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात आहे. कोणत्याही कार्याला पाच कारणे लागतात, असे भगवान सांगतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली म्हणजे चेष्टा, आणि पाचवे दैव. आपण ज्याला स्फूर्ती म्हणतो, ती या पाचव्या कोटीत मोडते. दैव गणनेत आहे, म्हणून ते नाकारू नये. पण ते पाचवे आहे, हेही विसरू नये. पहिली चार कारणे मोडकळीस आलेली असता पाचव्याची वाट पाहत बसणे म्हणजे जमीन न नांगरता पावसाला दोष देणे होय.

हे विवेचन कोरडे वाटू नये म्हणून आपण तंजावरला जाऊ. कावेरीच्या खोऱ्यातील हे नगर चोळ, नायक आणि मराठे अशा तीन राजवटींत कलावंतांचे माहेरघर होते. मराठी वाचकास ते परके नाही. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत चालले. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख १८०३ साली कोरलेला आहे. या नगरात गीतेची ही पाच कारणे जणू मूर्तिमंत होऊन उभी आहेत.

अधिष्ठान. आचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे. व्यवहारात आपण त्यात बसण्याची जागा आणि जगण्याची व्यवस्था हीही धरू. राजराज चोळाने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या शिलालेखांत शैव संतांची पदे देवापुढे गाण्यासाठी ४८ गायक व त्यांच्या साथीला दोन वादक नेमल्याची नोंद आहे. प्रत्येकास दररोज तीन कुरुणी धान्य मिळावे असे ठरवून दिले होते. त्यांच्यापैकी कोणी मृत्यू पावला, तर त्याच्या जवळच्या आप्ताने ते गायन चालवावे आणि तो योग्य नसल्यास दुसरा योग्य पुरुष निवडावा, अशीही तरतूद होती. त्या लेखात मोजमाप आहे ते नित्यसेवेचे. त्या गायकांना रोज सकाळी भावाचा उमाळा येत असेलच, असे नाही. पण वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, पोटाची काळजी मिटलेली होती. आणि ज्या दिवशी उमाळा येई, त्या दिवशी गायक आपल्या जागी हजर असे.

शरीर तर याहून जवळचे अधिष्ठान. आहार, विहार, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्याचा योग दुःख हरण करतो, असे सहाव्या अध्यायात (श्लोक १७) सांगितले आहे. रात्री जागून, अवेळी जेवून, देह पिळून काढावयाचा आणि मग स्फूर्ती नाही म्हणून हळहळावयाचे, हे उपाशी गाईकडे दूध मागण्यासारखे आहे. आजारात किंवा शोकात काम थांबले, तर त्यात दोष नाही. तो आळस नव्हे. अधिष्ठानाची डागडुजी होय.

साधने. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात. तिच्यावर पितळेचे २४ पडदे मेणाच्या थरात बसविलेले असतात. कालांतराने मेण ढळते, पडदे जागचे हलतात, आणि मग कितीही थोर वादक असला तरी स्वर बेसूर निघतो. जाणता वादक तेव्हा आपल्या प्रतिभेविषयी शोक करीत बसत नाही. तो पडदे पुन्हा बसवून घेतो. लेखकाचे पडदे म्हणजे त्याचे वाचन, शब्दांची ओळख, व्याकरण, ऐकण्याची सवय. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी सत्य, प्रिय व हितकर बोलण्याबरोबर स्वाध्यायाचा अभ्यासही जोडला आहे (श्लोक १५), हे किती मार्मिक आहे! जो वाचणे थांबवितो, त्याचे लिहिणे थोड्याच दिवसांत बेसूर होते, आणि तो मात्र दोष दैवाला देत राहतो.

चेष्टा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांचे आणि कागदांचे हजारो हस्तलिखित ग्रंथ आहेत. नायक राजांच्या काळापासून जमत आलेला हा संग्रह सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी अतोनात वाढविला. ताडपत्रावर लिहिण्याची रीत अशी, की लोखंडी लेखणीने पानावर अक्षर कोरावयाचे. कोरताना ते जेमतेम दिसते. सारे पान झाल्यावर त्यावर काजळी चोळावयाची व पुसून काढावयाची. मग रेषांत काळेपणा राहतो आणि अक्षरे स्पष्ट उमटतात. लिहिताना लेखकाला आपल्या पानाची शोभा दिसत नसते. त्याने पुढचे अक्षर तेवढे नीट कोरावयाचे असते. अनुवाद हा ज्याचा नित्याचा व्यवसाय आहे, त्याला याचा अर्थ चांगला समजतो. संस्कृतातील एका पदाला मराठी शब्द सापडत नाही; दिवस जातो; दहा शब्द लिहून खोडले जातात. त्या दिवशी काही झाले नाही असे वाटते. दुसऱ्या दिवशी, मन दुसरीकडे असताना, नेमका शब्द येऊन उभा राहतो. तो फुकट आलेला नसतो. कालच्या दहा खोडलेल्या शब्दांनी त्याला वाट करून दिलेली असते.

कर्ता. बृहदीश्वर मंदिराच्या लेखांत कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन या महास्थपतीचे नाव आले आहे. पण त्या प्रचंड विमानाचे दगड ज्यांनी घडविले, त्या अगणित हातांची नावे तेथे नाहीत. आणि त्यामुळे त्यांचा एकही दगड ढिला बसलेला नाही. केवळ आपणच कर्ते आहोत असे जो मानतो त्याला नीट दिसत नाही, असे पाच कारणांच्या पाठोपाठच भगवान सांगतात (अ. १८, श्लोक १६). हा उपदेश लेखकाला खाली बसविण्यासाठी नाही, त्याचे ओझे उतरविण्यासाठी आहे. आपली भाषा आपण निर्माण केली नाही, आईने दिली. आपले छंद, राग, रंग पूर्वजांनी दिले. पाचांतील एक आपण. ज्याला हे कळले, तो रिकाम्या कागदासमोर एकटा नसतो.

आणि पाचवे दैव? त्याच्याविषयी करण्यासारखे काही नाही; ते येईल तेव्हा त्याचे स्वागत करता यावे, एवढी चार कारणे सिद्ध ठेवावीत.

याचा सर्वांत उज्ज्वल दाखला त्यागराजस्वामींचा (१७६७ ते १८४७). तंजावरजवळच्या तिरुवैयारु या कावेरीतीरावरील गावी त्यांचे आयुष्य गेले. ते गृहस्थ होते; हाती तंबुरा घेऊन गात गात घरोघर धान्य मागणे, ही त्यांची उंछवृत्ती. परंपरा सांगते, की त्यांनी रामनामाचा ९६ कोटी जप सुमारे एकवीस वर्षांत पुरा केला. हिशेब केला तर रोजचा सव्वा लक्ष होतो. संख्येबद्दल कोणी वाद घालो; पण त्या कथेतील तत्त्व ध्यानात घ्यावे. ज्यांच्या सुमारे ७०० कृती आजही गायिल्या जातात, त्या महापुरुषाची कथा सांगताना लोकांनी त्यांच्या स्फूर्तीच्या आधी त्यांचा रोजचा नेम सांगितला.

ऐकणारा कोणी नसेल तर?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "हे सर्व मान्य. नेम आहे, साधने आहेत, श्रम आहेत. पण माझे लिहिलेले वाचतो कोण? अंधारात दिवा लावून किती दिवस बसावे?" हीच खरी जखम आहे, आणि तिच्यावरून हात फिरवून पुढे जाणे योग्य नाही.

बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवती एक अरुंद, अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. चोळकालीन चित्रकारांनी त्याच्या भिंतींवर शिव, सुंदरमूर्ती संत, नृत्य करणाऱ्या अप्सरा अशी अप्रतिम चित्रे रंगविली. काही शतकांनंतर नायकांच्या काळी त्या भिंतींवर नव्याने गिलावा देऊन दुसरी चित्रे काढण्यात आली आणि पहिली झाकली गेली. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकांना वरचा थर सुटलेल्या जागी आतले जुने रंग दिसले, तेव्हा जगाला त्यांचा पत्ता लागला. म्हणजे कित्येक शतके ती चित्रे कोणाच्याही दृष्टीस पडली नाहीत. तरी त्या अप्सरेच्या बोटांत आळस नाही, संताच्या मुद्रेत कंटाळा नाही. ज्या हातांनी ती काढली त्यांना ठाऊक होते, की भिंतीच्या पलीकडे गाभाऱ्यात जो बसला आहे त्याला अंधारातही दिसते.

तंजावरच्या मराठी ग्रंथकारांचेही असेच. सभोवार तमिळ बोलणारा समाज, दरबारात तेलुगू व संस्कृत यांचा मान. आणि त्यात महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर बसून समर्थ संप्रदायातील मेरुस्वामींनी मराठीत 'रामसोहळा' लिहिला. स्वतः सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे नाट्य मराठीत रचून त्यात जगाचा भूगोल सांगितला. वाचक किती मिळणार, हा हिशेब त्यांनी आधी केला असता तर एक पानही लिहून झाले नसते. त्यांचे ग्रंथ सरस्वती महालात जपले गेले. १९१८ मध्ये ते ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले आणि पुढे तेथून अनेक मराठी ग्रंथ छापूनही निघाले.

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे दुसऱ्या अध्यायातील सुप्रसिद्ध वचन पुष्कळांना रूक्ष वाटते. वस्तुतः त्यात मोठा दिलासा आहे. फळ आपल्या हाती असते, तर वाचक न मिळणे हा आपला अपराध ठरला असता. भगवंतांनी तो भार आपल्या खांद्यावरून काढून स्वतःकडे घेतला आहे. आपल्याकडे ठेवले आहे ते फक्त आजचे पान.

काही शंका आणि त्यांचे समाधान

शंका: फळाची आसक्ती सोडावयाची, तर लेखकाने व कलावंताने मोबदला घेऊ नये काय?

समाधान: असा अर्थ गीतेचा नाही. कर्मावाचून शरीराचा निर्वाहही होणार नाही, हे तिसऱ्या अध्यायात (श्लोक ८) भगवंतांनीच सांगितले आहे. देवापुढे गाणाऱ्या त्या ४८ गायकांना रोज धान्य मिळत होते आणि त्यामुळे त्यांचे गाणे अपवित्र झाले नाही. त्यागराजस्वामींना सरफोजीराजांनी दरबारी बोलाविले असता त्यांनी ते धन नाकारले, अशी कथा सांगतात. तो त्यांचा मार्ग. पण त्याच त्यागराजस्वामींच्या समाधीवर १९२० च्या दशकात मंदिर उभारले ते बंगलोरच्या नागरत्नम्मा या गायिकेने, आपल्या कलेच्या कमाईतून. एकाचा त्याग आणि दुसरीची कमाई, दोन्ही एकाच प्रभूच्या पायी पोचली. गृहस्थाने योग्य मोबदला मागावा, स्पष्ट मागावा आणि संकोच करू नये. तो मोबदला घराचा; काम मात्र देवाचे. ज्या क्षणी मोबदल्याच्या आकड्यावरून आपण ओळ चांगली की वाईट हे ठरवू लागतो, त्या क्षणी काम आपल्या हातून निसटते.

शंका: आपल्या बरोबरीचे पुढे गेले, त्यांचे ग्रंथ अधिक, मान अधिक, हे पाहून मन खचते. त्याला काय करावे?

समाधान: दुसऱ्याचा धर्म कितीही साजरा दिसला तरी आपला स्वधर्मच श्रेयस्कर, हे गीतेने दोनदा सांगितले आहे. तंजावरच्या प्रदेशात एकाच काळी तीन महान वाग्गेयकार झाले: श्यामाशास्त्री (१७६२ ते १८२७), त्यागराजस्वामी आणि मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५ ते १८३५). तिघांचाही जन्म तिरुवारूरचा. दीक्षितांनी मुख्यतः संस्कृतात रचना केली, त्यागराजांनी तेलुगूत. श्यामाशास्त्री तंजावरच्या बंगारु कामाक्षीच्या मंदिरात पूजक होते. देवीची नित्यपूजा सांभाळून त्यांनी जे रचले, ते संख्येने इतर दोघांपेक्षा पुष्कळच कमी आहे. तरीही संगीतातील त्रिमूर्तींत त्यांचे स्थान अढळ आहे. नोकरी किंवा घरकाम सांभाळून ज्याला दिवसाकाठी अर्धा तास मिळतो, त्याने श्यामाशास्त्रींचे स्मरण करावे. देवापुढे पाने मोजली जात नाहीत.

शंका: वय होत चालले. हाती घेतलेला ग्रंथ पुरा होईल की नाही, हीच भीती हात धरते.

समाधान: बृहदीश्वराच्या विमानाच्या आत, वरच्या मजल्यावर, भरतमुनींनी सांगितलेल्या १०८ नृत्यकरणांची शिल्पे कोरण्याचे काम घेतले होते. स्वतः शिवच ती करणे करीत आहे, असे ते दृश्य आहे. त्यांपैकी ८१ पुरी झाली. पुढच्या २७ शिळा जागेवर बसविलेल्या आहेत, पण कोऱ्या आहेत. काम का थांबले, हे त्या शिळा सांगत नाहीत. परंतु आज कोणी त्या ८१ शिल्पांना अपुरी म्हणून हिणवीत नाही. नृत्याचे अभ्यासक त्यांच्यापुढे हात जोडतात. या मार्गात केलेला आरंभ वाया जात नाही आणि थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते, असे आश्वासन भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४०) दिले आहे. एक्याऐंशीवे शिल्प कोरणाऱ्याने ब्याऐंशीव्याची चिंता केली असती, तर एक्याऐंशीवेही झाले नसते.

साधकासाठी चार नेम

आता जे आचरणात आणण्यासारखे आहे, ते थोडक्यात सांगतो.

१. रोजची वेळ ठरवावी आणि ती लहान ठेवावी. अर्धा तास पुरे. पण तो देवपूजेच्या वेळेसारखा अढळ असावा. त्या वेळी सुचो वा न सुचो, आसनावर बसावे. सुचले नाही तर जुने शुद्ध करावे, नक्कल करावी, शब्द शोधावे. परंतु उठू नये.

२. लिहिण्यापूर्वी थोडे वाचावे: ज्या ग्रंथाने आपल्याला प्रथम लिहिते केले, त्याचे एक पान. हे पडदे बसविणे होय.

३. आजचे काम आजच्यापुरते घ्यावे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर चित्र काढणाऱ्यांची रीत अशी, की गिलावा ओला आहे तोवरच रंग त्यात मुरतो. म्हणून जेवढे आज रंगवून होईल, तेवढ्याच भागावर आज चुना द्यावयाचा. तंजावरची चोळचित्रे याच पद्धतीची आहेत, असे त्यांचे परीक्षण करणारे रसायनतज्ज्ञ परमशिवन् यांनी सांगितले. साऱ्या ग्रंथाचा गिलावा एकाच दिवशी मनावर थापू नये. तो वाळून जातो आणि आपण घाबरून बसतो.

४. काम संपल्यावर, ते बरे झाले की वाईट याचा निवाडा करण्यापूर्वी, ते मनोमन भगवंतांना वाहावे. सर्व भूतांची प्रवृत्ती ज्याच्यापासून झाली, त्याची आपल्या कर्माने पूजा करून मनुष्य सिद्धी पावतो (अ. १८, श्लोक ४६). वाहिलेल्या फुलाकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही, ते दुसऱ्याच्या फुलाशी ताडून पाहत नाही. उद्या दुसरे फूल आणावयाचे असते.

उपसंहार

दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा यांची नावे एका ओळीने घेतली आहेत (श्लोक ३४). वाणी ही भगवंतांची विभूती, तशीच धृतीही. त्या एकाच घरच्या लेकी आहेत. एकीला आदराने घरात ठेवले की दुसरीचे पाऊल आज ना उद्या उंबरठ्यावर पडतेच. आणि शेवटी क्षमा आहे. ज्या दिवशी एकही ओळ झाली नाही, त्या दिवशी स्वतःला क्षमा करून दिवा मालवावा, आणि पहाटे पुन्हा आसनावर बसावे.

सज्जनहो, सरस्वतीची कृपा संपली काय, असे विचारणाऱ्याला गीतेचे उत्तर एवढेच आहे: कृपा संपत नसते, आपण आपल्या जागेवरून उठून गेलेलो असतो. परत या, बसा, लेखणी उचला. उरलेल्या शिळा किती, हे मोजू नका. समोर आहे ती एक घडवा आणि ज्याची आहे त्याच्या चरणी ठेवा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.